आप्पांच्या वाट्याचं भाषण

माणसानं हवं तर गळका नळ दुरुस्त करायला स्वतः बसावं, हवं तर बायकोच्या माहेरच्या सगळ्या गोतावळ्याला घेऊन सहलीला जावं, पण सख्ख्या भावंडांना घेऊन नाटक बसवायच्या फंदात पडू नये. या गोष्टीतला गृहस्थ पडला. तीन भावंडांतला तो मधला, आणि घरीदारी, नात्यागोत्यात सगळे त्याला मधला म्हणूनच ओळखायचे. पाणीपुरवठा कार्यालयात तो हेडक्लार्क होता, पण तिथेही त्याची किंमत साधारण मधल्याइतकीच होती. त्याला लहानपणापासून राग फार येई. पण थोरला रागावला की घर चिडीचूप व्हायचं, धाकटी रागावली की तिची समजूत काढायला रांग लागायची, आणि मधला रागावला की कुणीतरी म्हणायचं, "त्याला आधी जेवायला वाढा." वर्षानुवर्षं साठलेल्या या रागाचं काय करावं ते कळेना, म्हणून त्यानं नाटक लिहिलं.

नाटक होतं लाकडाच्या एका बड्या व्यापाऱ्याचं. व्यापारी म्हातारा झालेला, बंगला मोठा, वखार त्याहून मोठी, आणि मुलं टपून बसलेली. नाटकभर मुलं भांडतात. कुणाला वखार हवी, कुणाला बंगला हवा, आणि म्हातारा खुर्चीत बसून सगळं ऐकतो. शेवटी तो उठतो आणि पानभर भाषण करून सगळ्यांची कानउघाडणी करतो. हे पानभर भाषण मधल्यानं खास आप्पांसाठी, म्हणजे स्वतःच्या वडिलांसाठी लिहिलं होतं.

आप्पांनी जन्मभर कापडाचं दुकान चालवलं. गादीवर बसून ते गिऱ्हाइकाला "अजून काही दाखवू?" यापलीकडे फारसं कधी बोलले नाहीत, आणि घरी आल्यावर तर तेवढंही नाही, कारण घरी सगळे आपणहूनच मागत. आता दुकान थोरल्याकडे होतं. जुनं घर विकून आलेले पैसे धाकटीच्या फ्लॅटमध्ये गेले होते. आप्पा मधल्याकडे राहत. म्हणजे आप्पांनीच घेतलेल्या आणि मधल्याच्या नावावर करून दिलेल्या जागेत, बाहेरच्या खोलीतल्या दिवाणावर. "आप्पा माझ्याकडे असतात" हे वाक्य मधला चारचौघांत अशा काही सुरात म्हणायचा, की ऐकणाऱ्याला आपण आपल्या आईबापांचं काहीच केलं नाही असं वाटून जावं.

भाषण त्यानं आप्पांना वाचायला दिलं, तेव्हा आप्पांनी चष्मा पुसून ते दोनदा वाचलं.

"एवढं सगळं मी एकटा बोलायचं?"

"हो आप्पा."

"मधे कुणी बोलणार नाही?"

"कुणी नाही. सगळे ऐकत उभे राहणार."

"थोरलासुद्धा?"

"थोरलासुद्धा."

"बघ हं," आप्पा म्हणाले, आणि कागदाची घडी करून त्यांनी ती सदऱ्याच्या खिशात ठेवली. त्या दिवशी ते जेवताना आपणहून दोन वाक्यं बोलले. मधल्याच्या बायकोला वाटलं त्यांना बरं नाही.

आता भावंडंच का, असं कुणीही विचारील. कारण स्पर्धाच तशी होती. कार्यालयाच्या वर्धापनदिनाला कुटुंब नाट्यस्पर्धा ठेवली होती आणि रंगमंचावरचा प्रत्येक माणूस एकाच कुटुंबातला हवा, अशी अट होती. ही कल्पना मोठ्या साहेबांची. साहेबांना भाऊ नाही, बहीण नाही, लग्नही केलेलं नाही, त्यामुळे कुटुंब या गोष्टीबद्दल त्यांचं मत फार चांगलं होतं.

पहिला खोडा घातला तो कल्याण अधिकाऱ्यानं. कर्मचाऱ्यांचं कल्याण करण्यासाठी नेमलेला हा माणूस, मधल्यानं दिलेल्या नावांवरून पेन्सिल फिरवत म्हणाला, "या बाईंचं आडनाव वेगळं आहे."

"बहीण आहे माझी. लग्न झालंय तिचं."

"म्हणजे दुसऱ्या कुटुंबात गेल्या."

"गेली कुठे साहेब? रोज तर येते."

"पुरावा आणा."

"रोज येते त्याचा?"

"बहीण असल्याचा. आणि हे जावई कोण?"

"बहिणीचा नवरा."

"मग आधी बहीण सिद्ध होऊ द्या," अधिकारी म्हणाला, "नवऱ्याचं नंतर बघू."

ज्या कार्यालयात आपण निम्मं आयुष्य घासलं, तिथे आपल्याला आपली बहीण सिद्ध करायला सांगतात, याची मधल्याला भयंकर चीड आली. चीड त्यानं चहावाल्यावर काढली. मग दुसऱ्या दिवशी सगळ्या कुटुंबालाच त्यानं अधिकाऱ्याच्या टेबलासमोर उभं केलं. थोरला म्हणाला, मी मोठा, मी आधी सही करणार. धाकटी म्हणाली, प्रत्येक वेळी तूच आधी का? थोरला म्हणाला, हिला लहानपणापासून हेच. धाकटी म्हणाली, लहानपणापासून मला मिळालंय काय? जावई विम्याचा धंदा करायचे. त्यांनी एवढ्यात अधिकाऱ्याला त्याचं वय विचारलं. बोलणं बघता बघता दुकानावर गेलं, दुकानावरून जुन्या घरावर गेलं आणि आईच्या बांगड्यांपर्यंत पोहोचणार एवढ्यात अधिकाऱ्यानं हात जोडले.

"पुरे," तो म्हणाला. "तुम्ही सख्खी भावंडं आहात. माझी खात्री पटली." आणि त्यानं शिक्का मारला.

पहिलं वाचन मधल्याच्या घरी झालं. आप्पांनी भाषण वाचलं. वाचलं कसलं, न बघता म्हटलं. त्यांना ते तोवर पाठ झालं होतं. सकाळी गॅलरीत उभं राहून ते कुंड्यांना उद्देशून म्हणायचे आणि खालून जाणारा दूधवाला सायकल थांबवून ऐकायचा. 'हा बंगला मी एकेक फळी जोडून उभा केला' इथून ते सुरू व्हायचं. मग मुलांच्या आईबद्दलची चार वाक्यं होती, ती म्हणताना आप्पा थोडं थांबायचे. मग नव्या कोटाचा एक विनोद होता. आणि शेवटी, 'मी गेल्यावर खुशाल भांडा. मी आहे तोवर निदान माझ्याशी बोला.'

वाचन संपलं. जावयांनी डोळ्याला रुमाल लावला. मधल्याला वाटलं, जिंकलं! आपण या लोभी माणसांना आरसा दाखवला. मग थोरल्यानं घसा साफ केला.

"चांगलं आहे," तो म्हणाला. "पण मला वाक्यं किती?"

इथून सगळं बिघडलं. थोरल्यानं स्वतःची वाक्यं मोजली, मग मधल्याची मोजली, आणि मोठ्या भावाला कमी देताना तुला काहीच कसं वाटलं नाही असं विचारलं. धाकटीनं सांगितलं, माझी वाक्यं आहेत भरपूर, पण सगळी 'हो', 'नाही', 'अय्या' आणि 'आई गं' अशी आहेत. मुलगी म्हणून मला नेहमी असंच काहीतरी किरकोळ देऊन वाटेला लावतात. जावई म्हणाले, मला काही नको, मी आपला जावई माणूस. फक्त नाटकात जिथे म्हाताऱ्याला चक्कर येते तिथे विम्याबद्दल दोन शब्द आले तर लोकांचंही भलं होईल.

"अरे, हे नाटक आहे!" मधला ओरडला. "ज्याच्या तोंडी जे शोभतं ते त्यानं बोलायचं!"

"याला जेवायला वाढा," थोरला म्हणाला.

तळमजल्यावर एक वकील राहत. त्यांच्याकडे अशिलांपेक्षा वेळ जास्त, त्यामुळे ते तालमीला रोज येऊ लागले. त्यांनी सल्ला दिला, "आत्ताच वाटणी करून टाका. घरातले तोंडी व्यवहार म्हणजे पुढच्या पिढीला कज्जे." मधल्याला वाटलं ते गंमत करतायत. ते वरून खाली गेले आणि फूटपट्टी घेऊन आले. ओळी मोजून न्याय होत नाही, लांबी मोजली पाहिजे, असं त्यांचं म्हणणं पडलं. मग कॉटवर नाटक पसरून प्रत्येक वाक्याला पट्टी लावण्यात आली. थोरला म्हणाला, मी बोलताना जिथे थांबतो ती जागाही माझीच धरा. धाकटी म्हणाली, मग मी रडते ते कुणाच्या खात्यात? वकिलांनी चष्मा काढून निवाडा दिला की रडणं ज्याचं त्याचं, पण थांबण्याची जागा सामाईक.

ज्या नाटकात हावरट भावंडं बापाच्या मालमत्तेसाठी एकमेकांच्या उरावर बसतात, त्या नाटकाच्या तालमीत हे चाललं होतं. आणि कुणाला त्याची लाज तर सोडाच, साधी आठवणही नव्हती. थोरला तर मधूनच म्हणे, "किती हावरट दाखवलाय रे हा मोठा मुलगा! असा असतो का कुणी?" आणि परत पट्टीकडे बघे. मधल्याचं डोकं अशा वेळी इतकं तापायचं की तो उठून स्वयंपाकघरात जाऊन पाणी पिऊन यायचा. पाणीपुरवठा कार्यालयातल्या माणसानं घरात एवढं पाणी प्यावं, हे काही बरं नव्हतं.

मधल्यानं हट्ट सोडून आणखी संवाद लिहायची तयारी दाखवली, पण तिथे स्पर्धेचा नियम आडवा आला. ठरलेल्या वेळेला घंटा होणार आणि नाटक जिथे असेल तिथे पडदा पडणार. म्हणजे नवं वाक्य घालायचं तर कुणाचं तरी जुनं काढायला हवं. हे एकेकाला कळलं. मग हळूहळू सगळ्यांच्या माना दिवाणाकडे वळल्या. दिवाणावर आप्पा बसले होते.

"आप्पा," थोरला म्हणाला, आणि त्याच्या आवाजात माया आली. थोरल्याच्या आवाजात माया आली की समजावं, काहीतरी हातचं जाणार. "एवढं पाठांतर या वयात झेपेल का तुम्हाला?"

"पाठ झालंय माझं."

"झालं असेल हो. पण ताण पडतो. ब्लडप्रेशर असतं."

"ब्लडप्रेशर तुला आहे," आप्पा म्हणाले.

"तेच म्हणतो. घराण्यात आहे."

मधला ताडकन उठला. भाषणाला हात लावू देणार नाही, असं त्यानं निक्षून सांगितलं. थोरल्यानं शांतपणे चप्पल घातली आणि म्हणाला, मग मला जमणार नाही, दुकानात माल यायचाय. धाकटीनंही पर्स उचलली. कुटुंबच निघून गेलं तर कुटुंब नाट्यस्पर्धेत काय एकट्यानं जायचं? मधला दात-ओठ खात खाली बसला. भाषणाचा फक्त सुरुवातीचा भाग थोरल्याला द्यायचं ठरलं. 'हा बंगला बापानं एकेक फळी जोडून उभा केला' असं आता मोठा मुलगा म्हणणार होता.

"घे की," आप्पा म्हणाले. "तुला शोभेल."

थोरल्याला मिळालं म्हटल्यावर धाकटी थोडीच गप्प बसते! आईबद्दलची चार वाक्यं मुलीनंच म्हणायला हवीत, आईचं दुःख मुलीला कळतं, पुरुषाला काय कळणार, असं म्हणत ती त्या तालमीला खरोखर रडली. तिच्या रडण्याला वकिलांनी मान डोलावली. आप्पांनी खिशातला कागद काढून तिच्यापुढे धरला. मग जावयांना कोटाचा विनोद मिळाला, कारण बायकोला मिळून आपल्याला नाही म्हणजे सासुरवाडीत आपली किंमत काय, हा प्रश्न त्यांच्या मनात आला होता आणि तो त्यांनी मधल्याला चार वेळा फोन करून विचारला.

मधला प्रत्येक वेळी चिडला. प्रत्येक वेळी त्यानं बायकोला सांगितलं की ही माणसं नाहीत, ही टोळधाड आहे, यांनी आप्पांना आयुष्यभर ओरबाडलं आणि आता त्यांच्या तोंडातली वाक्यंसुद्धा काढून घेतायत. बायको भाजी चिरत ऐकायची. एकदा तिनं विचारलं, "आणि शेवटचं वाक्य कुणाकडे आहे?"

"कुठलं?"

"'मी आहे तोवर निदान माझ्याशी बोला.' परवाच्या तालमीला आप्पा ते म्हणाले नाहीत."

"ते... ते मी घेतलं."

बायकोनं सुरी थांबवली.

"घेतलं म्हणजे काय, बदललं!" मधला म्हणाला. "पुढचं मागचं काही नसताना म्हाताऱ्यानं एकदम उठून तेवढंच म्हटलं तर हास्यास्पद वाटेल. म्हणून आता मधला मुलगा म्हणतो, 'ते गेल्यावर भांडू. ते आहेत तोवर निदान त्यांच्याशी बोलू या.' अर्थ तोच राहतो. उगाच वाया गेलं असतं."

"आप्पांना विचारलंत?"

"लेखक मी आहे!" मधला कडाडला, आणि तरातरा गॅलरीत गेला. गॅलरीत आप्पा कुंड्यांसमोर उभे होते. काही म्हणत नव्हते. खाली दूधवाला सायकल थांबवून वर बघत होता, आणि थोडा वेळ वाट बघून निघून गेला. ते बघून मधल्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली. थोरला इतका हलकट असेल असं त्याला कधी वाटलं नव्हतं.

आता आप्पांना एकच शब्द उरला होता. पडदा उघडतो, मुलं एकेक करून आत येतात आणि म्हातारा म्हणतो, "या." तो शब्द कुणाला नको होता.

प्रयोगाच्या दिवशी थोरल्यानं दुकानातून सोफा आणला. सोफा चांगला होता, पण त्याच्या पाठीवर, समोरून दिसेल असं, दुकानाचं नाव मोठ्या अक्षरांत शिवलेलं होतं. लाकडाच्या व्यापाऱ्याच्या घरात कापडदुकानाची जाहिरात कशी, असं मधल्यानं विचारल्यावर थोरला म्हणाला, "सोफा फुकट दिलाय, आता नावही काढू?" सोफा उलटा करून ठेवला तर बसायचं कुठे, असा पेच पडला. शेवटी धाकटीला नावासमोर उभं करायचं ठरलं. धाकटी म्हणाली, मी कोपऱ्यात उभी राहणार नाही. सोफा मधोमध आणला. मग थोरला म्हणाला, मधोमध मी उभा राहणार होतो. तिसरी घंटा झाली तेव्हा दोघंही सोफ्यासमोर एकमेकांना कोपरानं सरकवत होती, आणि पडदा उघडला.

आप्पा खुर्चीत बसले होते. मुलं आत आली. म्हणजे दोन आधीच आत होती, त्यामुळे ती बाहेर जाऊन परत आली.

"या," आप्पा म्हणाले.

इतका चांगला 'या' त्या सभागृहात कुणी ऐकला नसेल. मधल्याची बायको विंगेत संवादांची वही धरून उभी होती, तिनं तेवढ्यावरच पदर डोळ्याला लावला. त्यानंतर मात्र बोलणाऱ्यांनी बोलायला सुरुवात केली. जावयांनी विम्याबद्दल दोन शब्दांऐवजी दोन योजना समजावून सांगितल्या आणि पहिल्या रांगेतल्या कल्याण अधिकाऱ्याकडे बोट करून म्हणाले, "आपल्या वयाला दुसरी बरी." कोटाचा विनोद त्यांनी सांगितला, पण आधी शेवट सांगितला. धाकटी आपली चार वाक्यं म्हणताना अशी काही रडली की एकही ऐकू आलं नाही. मधला दात आवळून उभा होता. याच्यासाठी आपण रजा घालवल्या! याच्यासाठी कल्याण अधिकाऱ्यासमोर बहीण सिद्ध केली!

मग थोरल्याची पाळी आली. तो पुढे आला, त्यानं हात वर केला आणि म्हणाला, "हा बंगला..."

आणि थांबला. सगळ्यांना वाटलं ही त्याची नेहमीची थांबण्याची जागा असेल. पण थांबणं फार लांबलं.

"हा बंगला..." थोरला पुन्हा म्हणाला. विंगेतून मधल्याची बायको 'एकेक फळी, एकेक फळी' असं सांगत होती, पण त्याच्या कानात काही जात नव्हतं. प्रेक्षकांत खोकले सुरू झाले. तेवढ्यात धाकटी पुढे झाली आणि तिनं त्याचं वाक्य सुरू केलं.

"ए! ते माझं आहे!" थोरला ओरडला.

"येतंय कुठे तुला?"

"येवो न येवो, माझं आहे!"

"दुकान तुझं, मधोमधची जागा तुझी, आता न येणारी वाक्यंही तुझीच? दादा, कधीतरी सोड की काहीतरी!"

"मी सोडू? जुन्या घराचे पैसे कुणी घेतले?"

"ते आप्पांनी दिले!"

"दिले की रडून काढलेस? भर सभागृहात रडतेस तशी!"

मागच्या रांगेतले लोक उभे राहून बघू लागले. लोकांना नाटक आवडायला लागलं होतं. मधल्याच्या अंगाचा भडका उडाला. तो मधे पडला आणि त्यानं दोघांना दोन बाजूंना ढकललं.

"लाजा वाटू द्या!" तो गरजला. हे नाटकात नव्हतं. "म्हाताऱ्या बापाचं ओरबाडून खाल्लंत! सगळं खाल्लंत! मी सांभाळतो त्यांना, मी!"

"सांभाळतोस?" धाकटी म्हणाली. "जागा कुणाची रे, भाऊ? पहिल्यापासून कुणाची?"

"आणि दिवाणावर कोण झोपतं?" थोरला म्हणाला.

मधल्यानं तोंड उघडलं. आता त्याचं वाक्य होतं, त्यानंच लिहिलेलं, त्यानंच घेतलेलं, आणि ते म्हटलं असतं तर सगळं सावरलं असतं. पण एक अक्षर आठवेना. 'ते गेल्यावर' की 'मी गेल्यावर'? डोळ्यांसमोर नुसता आप्पांच्या अक्षरातला कागद दिसत होता. आप्पांनी भाषण पाठ करायला स्वतःच्या हातानं उतरवून घेतलं होतं तो. घंटा व्हायला थोडाच वेळ राहिला होता. त्यानं खुर्चीकडे वळून बघितलं. थोरल्यानंही बघितलं, धाकटीनंही, जावयांनीही. सगळं भाषण पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत पाठ असलेला तिथे तो एकच माणूस होता.

"आप्पा," मधला काकुळतीनं म्हणाला. "आप्पा, तुम्ही बोला ना. काहीतरी बोला."

आप्पांनी खुर्चीच्या हातांवर जोर देऊन उठायला सुरुवात केली. उठायला त्यांना वेळ लागला. कुणी हात दिला नाही, कारण सगळे ते आता काय बोलतात इकडे डोळे लावून होते. उभं राहून त्यांनी चौघांकडे एकेक करून बघितलं.

"माझ्याकडे आता काय आहे रे?" ते म्हणाले. "सगळं वाटून झालं."

आणि परत बसले.

घंटा झाली. पडदा पडला. पडद्याच्या पलीकडे टाळ्यांचा असा काही कडकडाट झाला की तो थांबायलाच तयार नव्हता. पडद्याच्या अलीकडे थोरला धाकटीला म्हणत होता, "मी थांबलो म्हणून रंगलं," आणि धाकटी त्याला म्हणत होती, "मी बोलले म्हणून."

बक्षिसं जाहीर करायला एक निवृत्त प्राध्यापक आले होते. त्यांनी बरंच काही सांगितलं. घरातल्या लोभावर आजवर अनेक नाटकं पाहिली, म्हणाले, पण या हेडक्लार्क लेखकानं शेवटी जे केलं ते भल्याभल्यांना साधलं नसतं. नाटकभर वृद्धाला अबोल ठेवायचं, प्रेक्षकाला भाषणाची वाट बघायला लावायची आणि शेवटी दोनच ओळींत सगळा हिशेब. ते वाक्य त्यांनी पुन्हा म्हणून दाखवलं. लोकांनी पुन्हा टाळ्या वाजवल्या. उत्कृष्ट संवादलेखनाचं पारितोषिक घ्यायला मधल्याला वर बोलावलं.

मधला वर गेला. टाळ्या चालू होत्या. आयुष्यात त्याच्यासाठी इतक्या लोकांनी एकदम कधी काही केलं नव्हतं. कल्याण अधिकारी उभा राहून टाळ्या वाजवत होता. मोठ्या साहेबांनी त्याचा हात हातात घेतला आणि सोडला नाही. प्राध्यापकांनी त्याच्यासमोर माइक धरला.

"हे वाक्य सुचायला किती वेळ लागला हो?" त्यांनी विचारलं.

मधल्यानं खाली बघितलं. आप्पा पहिल्या रांगेत कडेच्या खुर्चीवर बसले होते. मेकअप अजून पुसलेला नव्हता. शेजारी मधल्याची बायको होती, आणि ती त्याच्याकडे एकटक बघत होती. त्याला सांगायचं होतं. खरंच सांगायचं होतं, अगदी ओठावर आलं होतं.

"बरेच दिवस डोक्यात घोळत होतं, सर," तो म्हणाला.

टाळ्या झाल्या. स्मृतिचिन्ह हातात घेऊन तो पायऱ्या उतरला आणि आप्पांशेजारी येऊन उभा राहिला. बायकोनं उठून त्याला जागा दिली, आणि तो बसला.

"आप्पा, मी सांगणार होतो," तो म्हणाला. "वर माइकसमोर गडबडीत... उद्या कार्यालयात सांगतो सगळ्यांना. तुमचं आहे ते."

आप्पांनी चिन्ह हातात घेतलं, उलटसुलट करून बघितलं, गिऱ्हाइकानं पसंत केलेला कपडा घडी करून द्यावा तसं परत त्याच्या मांडीवर ठेवलं.

"असू दे," ते म्हणाले. "तुझ्या दादाला मिळालं, धाकटीला मिळालं. तुलाच तेवढं काही राहिलं होतं."

मागून थोरला आणि धाकटी आली आणि चिन्ह कुणाच्या घरी ठेवायचं यावरून बोलू लागली. मधल्याच्या अंगाची लाही लाही झाली. असा संताप त्याला जन्मात आला नव्हता, आणि या खेपेला तो थोरल्यावर काढता येत नव्हता, धाकटीवर काढता येत नव्हता. चिन्ह मांडीवर घेऊन तो तसाच बसून राहिला.

"याला जेवायला घाला कुणीतरी," थोरला म्हणाला.

"नको," आप्पा म्हणाले. "आज त्याला राहू दे रागावलेला."